ईलीचा अष्टकोन आणि सुतार विल्यम हर्ली

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



‘परदेशातील शिक्षण’ या विषयावर आज दोन शब्द बोलावेत अशी मंडळाच्या चिटणीसांची आज्ञा झाली, तेव्हा आम्हांस प्रथम संकोच वाटला. आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यानंतर अध्यापक विद्यालयाची दोन वर्षे आणि पुढे सारा जन्म खडू आणि फळा. परदेशी शिक्षण घेतले ते आमच्या पुतण्याने, आणि तेही आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्ती निधीचा हातभार लागला म्हणून. तो येथे असता तर विद्यापीठाविषयी त्यानेच अधिकारवाणीने सांगितले असते. आम्ही त्या वाटेस जात नाही. त्याला भेटावयास गेलो असता एक प्राचीन देवालय आमच्या पाहण्यात आले, आणि ते पाहत असता आमच्या घरात वर्षभर चाललेल्या एका वादाने निराळेच वळण घेतले. तेवढे निवेदन करून आम्ही आपली रजा घेऊ.

प्रथम तो वाद सांगणे प्राप्त आहे. आमचे वडीलबंधू, ज्यांना घरात सारेच अण्णा म्हणतात, त्यांनी सत्तरी केव्हाच ओलांडली आहे. शिक्षण चौथीपर्यंत. बाराव्या वर्षी वडिलांच्या हाताखाली वाकस धरला, तो अगदी अलीकडे खाली ठेवला. बैलगाडीची चाके, नांगर, पाभर, दारे, चौकटी, माडीचे कडीपाट आणि शेजारच्या दोन गावांतील देवळांचे सभामंडप एवढे काम त्यांच्या हातून झाले. त्या कमाईवर त्यांनी आम्हांस शिकविले, म्हणून आम्ही मास्तर झालो. पुढे लोखंडी नांगर आला, गाडीला रबरी चाके आली, खिडक्या ॲल्युमिनियमच्या झाल्या. अण्णांनी मनाशी पक्के केले, की आपल्या मुलाच्या हाती रंधा द्यावयाचा नाही. मुलगा शाळेतून येऊन कारखान्यात भुशावर बसला तरी ते त्याला उठवीत. मुलगा हुशार निघाला, स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी चांगल्या रीतीने मिळवून पुढील अभ्यासासाठी केंब्रिजला गेला. आता तो मोठमोठे पूल बांधील अशी अण्णांची अपेक्षा होती. तिकडून वर्तमान आले ते असे, की त्याने प्रबंधासाठी लाकडी बांधकाम हा विषय घेतला आहे.

अण्णांना हा घाव वाटला. “ज्यातून त्याला हाताला धरून बाहेर काढला, त्यातच हा विलायतेत जाऊन शिरला,” असे ते म्हणाले, आणि पुढे कित्येक महिने ते मुलाशी दूरध्वनीवर प्रकृतीपलीकडे काही बोलले नाहीत. मध्यस्थी करण्याचे काम आमच्याकडे आले. मास्तरकीत मध्यस्थीची सवय होतेच; पण येथे आमची मात्रा चालेना. अखेर २०२३ सालच्या जून महिन्यात मुलाने हट्टाने आम्हां दोघां बंधूंस दहा दिवसांसाठी बोलावून घेतले.

केंब्रिजमध्ये किंग्ज कॉलेजचे जगप्रसिद्ध चॅपल आहे. त्याचे पंख्याप्रमाणे उमललेले पाषाणाचे छत पाहून आम्ही थक्क झालो. अण्णांनी बराच वेळ मान वर करून पाहिले आणि म्हणाले, “हे पाथरवटांचे काम. चांगले आहे.” एवढ्यावर तो विषय संपला. तेव्हा पुतण्या म्हणाला, “उद्या ईलीला जाऊ. तेथले अण्णांनी पाहायलाच हवे.”

ईली हे केंब्रिजच्या उत्तरेस आगगाडीने पाव तासाच्या अंतरावरचे लहानसे नगर आहे. भोवतालचा मुलूख तव्यासारखा सपाट. त्याला फेन्स म्हणतात. पूर्वी ही सारी दलदल होती आणि ईली हे त्यातले एक उंचवट्याचे बेट होते. वाम मासे तेथे विपुल सापडत, त्यांवरूनच बेटाला हे नाव पडले असे सांगतात. सतराव्या शतकात डच तज्ज्ञांच्या साहाय्याने पाणी काढून दिल्यावर ती जमीन शेतीस आली. या सपाटीवर ते देवालय कित्येक मैलांवरून दिसू लागते. तिकडचे लोक त्याला ‘फेन्सचे जहाज’ म्हणतात, आणि आगगाडीच्या खिडकीतून पाहताना ते नाव आम्हांस यथार्थ वाटले.

कॅथीड्रल या शब्दाचा अर्थ अनेकांस ठाऊक नसतो, म्हणून सांगतो. ‘कॅथेड्रा’ म्हणजे आसन. ज्या चर्चमध्ये बिशपाचे, म्हणजे त्या प्रांताच्या मुख्य धर्माधिकाऱ्याचे आसन असते ते कॅथीड्रल. आकार लहान की मोठा याच्याशी त्या नावाचा संबंध नाही. ईलीचा आकार मात्र मोठाच आहे. लांबी ५३७ फूट. एथेलड्रेडा नावाच्या राणीने ६७३ साली राजवैभव सोडून येथे मठ स्थापिला. आज उभी असलेली वास्तू १०८३ साली सुरू झाली आणि ११०९ साली तिला कॅथीड्रलचा दर्जा मिळाला. दगड बार्नाक येथील खाणींतून आणला. ती खाण पीटरबरोच्या मठाची. तिच्या मोबदल्यात ईलीचे साधू त्या मठाला दरसाल ८,००० वाम मासे देत. दगडाची किंमत माशांत चुकती होते, हा व्यवहार अण्णांना फार पटला. बलुत्याची पद्धत ज्याने पाहिली आहे त्याला त्यात नवल वाटण्याचे कारण नव्हते.

आत शिरल्यावर सुमारे अडीचशे फूट लांबीचा मुख्य मंडप लागतो. दोन्ही बाजूंस कमानींच्या तीन-तीन रांगा एकावर एक चढविलेल्या, आणि वर रंगविलेले लाकडी छत. ते रंगकाम एकोणिसाव्या शतकातले आहे. येथे अण्णा रेंगाळले नाहीत. आम्ही माहितीपत्रक वाचीत मागे राहिलो, आणि पुढे पाहतो तो अण्णा मंडप जेथे संपतो त्या चौकात जाऊन उभे राहिलेले. टोपी काढून हातात घेतलेली, मान मागे टाकलेली. आम्ही जवळ गेलो तरी त्यांचे लक्ष नव्हते.

तेथे काय आहे ते आता जरा विस्ताराने सांगितले पाहिजे. कारण आमच्या भाषणाचा गाभा तोच आहे.

पूर्वी या चौकावर चार दगडी खांबांनी पेललेला चौरस मनोरा होता. १३२१ साली शेजारीच एका नव्या प्रार्थनामंदिराचा पाया खणण्यास प्रारंभ झाला, आणि पुढल्या वर्षी, १३२२ च्या फेब्रुवारीत, एका रात्री तो सारा मनोरा कोसळला. आवाज इतका भयंकर झाला, की भूकंपच झाला असे मठातील साधूंना वाटले. पाया खणल्यामुळे ओल्या जमिनीचा तोल गेला असावा असा तर्क केला जातो. त्या वेळी देवळाची डागडुजी व खर्च पाहण्याचे काम ॲलन ऑफ वॉल्सिंगहॅम या साधूकडे होते. आपल्याकडील देवस्थानाच्या कारभाऱ्यासारखे ते पद समजावे. या गृहस्थाने मोठा धाडसी निर्णय केला. पडलेले चार खांब पुन्हा उभारण्याऐवजी त्याने त्यांच्या मुळ्यांसह ती जागा साफ केली, चौक मोठा केला आणि त्याभोवती आठ खांब उभारून चौरसाचा अष्टकोन केला. १३२८ पर्यंत दगडाचे काम पुरे झाले.

येथपर्यंत गवंड्यांचे राज्य होते. पुढे अडचण आली. अष्टकोनाची रुंदी सुमारे ७२ फूट झाली होती. एवढ्या रुंदीवर दगडी घुमट घालावयाचा, तर त्याच्या भाराने भोवतालच्या भिंती बाहेर रेलल्या असत्या. आणि एक मनोरा पडलेला सर्वांनी नुकताच पाहिलेला. तेव्हा सुताराला पाचारण करण्यात आले. त्याचे नाव विल्यम हर्ली. लंडनजवळ वेस्टमिन्स्टर येथे राजाच्या पदरी काम करणारा हा मोठा कारागीर. त्याने त्या आठ खांबांवरून चौकाच्या मध्याकडे लाकडाचा सांगाडा आणला, आणि मध्यभागी, जेथे खाली कसलाही आधार नाही, तेथे लाकडाचाच अष्टकोनी दीपमनोरा उभा केला. त्याच्या आठही बाजूंस काचेच्या खिडक्या आहेत. वरून उजेड आत येतो आणि ते सारे अधांतरी तरंगत असल्याचा भास होतो. हे काम १३४० च्या सुमारास पुरे झाले. त्यातील आठ उभे ओकचे वासे प्रत्येकी ६३ फूट लांबीचे आहेत. एवढे झाड मिळणे त्या काळीही सोपे नव्हते. कारभाऱ्याने दूरदूर शोध केला, मोठी किंमत मोजली, आणि जमिनीवरून व पाण्यावरून ते ओंडके ईलीस आणविले. काही ओक बेडफर्डशायरमधील चिकसँड्सचे होते.

आम्ही हे सारे माहितीपत्रकातून अण्णांना वाचून दाखवू लागलो. त्यांनी हाताने थांबविले. म्हणाले, “मास्तर, वाचू नकोस. मला दिसते आहे. हे चाक आहे.”

आम्हांस उलगडा होईना. तेव्हा त्यांनी दोन्ही हातांची बोटे पसरून समजावले. गाडीचे चाक आडवे धरावे. मधला तुंबा खाली कशावरही टेकलेला नसतो. चोहोबाजूंचे आरे त्याला धरून ठेवतात, आणि आऱ्यांना बाहेरून घेर धरून ठेवतो. येथे घेर म्हणजे ते आठ दगडी खांब व भिंती, आरे म्हणजे तिरके टेकू, आणि तुंबा म्हणजे तो दीपमनोरा. तुंबा खाली येऊ पाहतो, म्हणून आरे अधिकच आवळून बसतात. “आणि बघ,” अण्णा पुढे म्हणाले, “खालच्या कोनासमोर वर कोन नाही, वर बाजू आहे. म्हणजे एका खांबावरून दोन टेकू निघून वरच्या दोन कोनांना जातात. आठ दुणे सोळा आरे.”

पुतण्या बाजूला उभा होता. तो सावकाश म्हणाला, “अण्णा, हे समजायला मला आठवडा लागला.”

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, की अण्णांनी जे ओळखले त्याचा पुष्कळसा भाग खालून दिसत नाही. खालून जी सुंदर कमानदार शिरांची रचना दिसते, ती दगडासारखी दिसेल अशी बनविलेली लाकडी आच्छादने आहेत. भार पेलणारा खरा सांगाडा त्यांच्यामागे दडलेला आहे. केंब्रिजचे प्रसिद्ध प्राध्यापक जॅक हेमन यांनी या सांगाड्याचे गणित आधुनिक शास्त्राने तपासून मांडले आहे. तो सांगाडा पाहावयाचा असल्यास दीडशेहून अधिक अरुंद पायऱ्या चढून जावे लागते, आणि बरोबर देवळाचा वाटाड्या घ्यावा लागतो. आमच्या गुडघ्यांनी नकार दिला होता, परंतु अण्णा निघाल्यावर मागे राहणे आम्हांस शोभले नसते.

वाटाड्या हा एक सेवानिवृत्त गृहस्थ होता आणि हे काम विनावेतन करीत होता. त्याने एका बुटक्या दारातून आम्हांस त्या आच्छादनाच्या मागे नेले. तेथील दृश्य आम्ही शब्दांत कसे सांगावे? खाली देवाचे मंदिर, आणि वर अगदी आपल्या सुताराचा कारखाना. प्रचंड वासे एकमेकांत अडकलेले, तुळया, टेकू, खुंट्या, कुसवे. आच्छादनावर देवदूतांची चित्रे रंगविलेली आहेत. त्या फळ्या कवाडांसारख्या उघडतात. वाटाड्याने एक उघडली, आणि शंभर फुटांहून खाली चौकातील माणसे मुंग्यांएवढी दिसली. आम्ही भिंत धरली. अण्णांनी तिकडे पाहिलेही नाही. ते एका उभ्या वाशावर तळहात ठेवून उभे होते. मग नखाने लाकूड टोकरून पाहिले, एका सांध्यात बोट घालून पाहिले, आणि मुलाला विचारले, “यांना विचार, लाकूड ओले असताना घडवले की वाळवून?”

पुतण्याने प्रश्न इंग्रजीत सांगितला. वाटाड्याच्या भुवया वर गेल्या. तो म्हणाला, इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणा पाहुण्याने केला नव्हता. त्या काळी ओक ओला असतानाच घडवीत. वाळल्यावर तो लोखंडासारखा कठीण होतो आणि हत्यार चालत नाही. वाळताना लाकूड आकसते, पण सांधे असे योजलेले असतात की आकसताना ते अधिक घट्ट बसावेत. अण्णांनी मान हलविली. आपला साग तसा नव्हे, साग मुरवून घ्यावा लागतो, असे त्यांनी त्या गृहस्थास कळविले, आणि दोघांनी मिळून आमच्या पुतण्यास पुष्कळ वेळ दुभाष्याचे काम करावयास लावले. सातशे वर्षांत सारेच लाकूड मूळचे राहिलेले नाही, हेही तेथे कळले. अठराव्या शतकात जेम्स एसेक्स याने आणि एकोणिसाव्या शतकात गिल्बर्ट स्कॉट याने मोठी दुरुस्ती केली. कोठे जुने आणि कोठे नवे, हे अण्णा वाशांच्या पृष्ठभागावरील हत्यारांच्या खुणांवरून सांगत होते, आणि वाटाड्या बहुतेक ठिकाणी मान डोलावीत होता.

स्कॉटची ही दुरुस्ती ज्यांच्या स्मरणार्थ झाली ते येथील डीन जॉर्ज पीकॉक हे गणिती होते. कलनशास्त्रातील जी खूण आज जगभर विद्यार्थी लिहितात, ती केंब्रिजमध्ये रूढ करण्यात त्यांचा मोठा वाटा होता आणि बीजगणितावर त्यांनी १८३० साली ग्रंथ लिहिला. आम्ही जन्मभर बीजगणित शिकविले, म्हणून हे नाव ऐकून बरे वाटले. असो.

खाली आल्यावर अण्णांनी विचारले, “या सुताराचे नाव यांना सापडले कसे? सातशे वर्षे झाली म्हणता.”

त्याचे उत्तर आहे हिशेबाची वही. त्या मठाच्या कारभाऱ्यांचे जमाखर्च चर्मपत्रावर लिहिलेले होते आणि त्यांतील पुष्कळसे जपून राहिले. विल्यम हर्ली यास वर्षाला ८ पौंड आणि जेवणखाण व राहण्याची सोय, असा त्यात उल्लेख आहे. दीपमनोऱ्याच्या अगदी शिखरावर मध्यभागी ओकच्या लाकडात ख्रिस्ताची मूर्ती कोरलेली आहे. ती कोरणारा जॉन ऑफ बरवेल. त्याला २ शिलिंग आणि भोजन. आम्ही सवयीने तेथल्या तेथे हिशेब केला. त्या काळचा पौंड २० शिलिंगांचा आणि शिलिंग १२ पेनींचा. म्हणजे हर्लीला वर्षाला १,९२० पेनी, दिवसाला पाच पेनींहून थोडे अधिक. आणि बरवेलला त्या मूर्तीचे सारे मिळून २४ पेनी. अण्णा म्हणाले, “दोन शिलिंगांत देव बसवला की रे.” मग थोड्या वेळाने म्हणाले, “पण लिहून ठेवले.”

हे शेवटचे तीन शब्द त्यांनी कोणत्या स्वरात उच्चारले ते आमच्या कानात अद्याप आहे. आमच्या आजोबांनी आणि पणजोबांनी पंचक्रोशीतील किती वाड्यांचे खांब, किती देवळांचे मंडप उभे केले असतील! त्यांना वर्षाकाठी धान्य मिळे, सणाला शिधा मिळे. वाडा कोणी बांधला असे विचारले तर आजही मालकाचे नाव सांगतात. ज्याच्या हाताने तो बांधला गेला, त्याचे नाव ना दप्तरात, ना भिंतीवर. आम्हां दोघां बंधूंस आमच्या पणजोबांचे नाव ठाऊक आहे, त्यापलीकडचे नाही. आणि पणजोबांनी केलेल्या कामांपैकी एकही आम्हांस खात्रीने दाखविता येत नाही.

ज्या प्रार्थनामंदिरासाठी तो पाया खणला होता, तेही आम्ही पाहिले. त्याला लेडी चॅपल म्हणतात. ते १३४९ साली पुरे झाले. भिंतीभर बारीक कोरीवकाम आणि शेकडो लहान मूर्ती. परंतु जवळ जाऊन पाहावे तो बहुतेकांची मस्तके उडविलेली. हे काम परक्या शत्रूने केलेले नाही. १५४१ साली धर्मसुधारणेच्या लाटेत खुद्द तेथल्याच बिशपाने मूर्ती फोडण्याचा हुकूम दिला होता. एका पिढीने देवाचे म्हणून घडविले, दुसरीने देवाचेच नाव घेऊन फोडले. अण्णा तेथे थांबले नाहीत. फुटलेले काम पाहवत नाही, म्हणाले.

बाहेर हिरवळीवर एका बाकावर बसून आम्ही घरून आणलेल्या दशम्या खाल्ल्या. ज्या संभाषणासाठी आम्ही वर्षभर खटपट करीत होतो, ते तेथे आपोआप सुरू झाले. अण्णांनी मुलाला विचारले, “तुझा तो प्रबंध म्हणजे असल्या जुन्या कामांची दुरुस्ती?”

मुलगा म्हणाला, “नाही अण्णा, नवी बांधकामे.” आणि त्याने सांगितले, की आता पातळ फळ्या एकमेकींवर चिकटवून मोठमोठ्या तुळया व भिंती तयार करतात, त्यामुळे ६३ फुटांचे एकसंध झाड शोधीत हिंडावे लागत नाही. नॉर्वेमध्ये २०१९ साली अशा लाकडाची १८ मजली इमारत पुरी झाली. उंची ८५ मीटरांहून अधिक. सिमेंट आणि पोलाद तयार करताना हवेत जो दूषित वायू मिसळतो तो यात पुष्कळ कमी होतो. उलट झाडाने वाढताना हवेतून घेतलेला कर्ब इमारतीत साठून राहतो. म्हणून पुढारलेल्या देशांत पुन्हा लाकडाकडे लक्ष वळले आहे.

अण्णांनी सारे ऐकून घेतले. आग लागली तर काय, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. जाड तुळई वरून जळून कोळसा होते आणि तो कोळसाच आतल्या लाकडाचे काही काळ रक्षण करतो. किती जाडी ठेवावी याचे गणित आहे, असे मुलाने सांगितले. वाळवीचे काय, हा दुसरा प्रश्न. तेथे मुलगा जरा अडखळला; आपल्याकडच्या हवेसाठी अजून पुष्कळ अभ्यास व्हावयास हवा, हे त्याने मान्य केले. तिसरा प्रश्न आमच्या मते खरा होता. अण्णा म्हणाले, “यात पगार मिळतो का?”

“मिळतो, अण्णा.”

“आणि लोक साहेब म्हणतात, की मिस्त्री?”

पुतण्याने काय उत्तर द्यावे या विचारात आमच्याकडे पाहिले. आम्ही गप्प राहिलो; ते उत्तर आमचे नव्हते. तो म्हणाला, “तिकडे त्या हर्लीला मास्टर म्हणत, अण्णा. मास्टर कार्पेंटर. राजासुद्धा.” अण्णा हसले. “मग घरात दोन मास्तर झाले,” एवढेच म्हणाले, आणि दशमीचा उरलेला तुकडा चिमण्यांना टाकून उठले.

वाद मिटला, असे आम्ही म्हणणार नाही. मुलाने पूल बांधावयास हवे होते, असे अण्णा अजूनही अधूनमधून बोलून दाखवितात. परंतु परत आल्यावर कारखान्यातील जुना साग आणि हत्यारे विकण्याचा जो व्यवहार ठरत आला होता, तो त्यांनी थांबविला. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी हातभर व्यासाचे एक गाडीचे चाक घडविले. तुंबा, आरे, घेर, सारे प्रमाणात. ते चाक आज केंब्रिजला पुतण्याच्या टेबलावर आहे. तो आता तिकडेच लाकडी इमारतींचे आराखडे करणाऱ्या कचेरीत काम करतो.

आणखी एक गोष्ट झाली. ईलीहून आल्यापासून अण्णांना कार्ल्याच्या लेण्याची आठवण वारंवार येऊ लागली. एकवीरेच्या दर्शनाला आपल्यापैकी बहुतेक सारे जातात. देवीच्या देवळालगतचे ते सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे चैत्यगृह आपण पाहिलेले असते. पण छताकडे फारसे कोणी पाहत नाही. त्या दगडी छताला लाकडाच्या कमानदार फासळ्या बसविलेल्या आहेत. सारे लेणे कड्यात कोरलेले. त्याला लाकडाच्या आधाराची मुळीच गरज नाही. तरीही त्या फासळ्या बसविल्या, कारण आधीची देवालये लाकडाची असत आणि लाकडाचे रूप पाहण्याची डोळ्यांना सवय झालेली होती. ईलीस लाकडाने दगडाचे सोंग घेतले आहे, कार्ल्यास दगडाने लाकडाचे. मागल्या हिवाळ्यात आम्ही दोघे बंधू मुद्दाम तेथे गेलो. त्या लेण्यात दात्यांचे आणि काम करणाऱ्यांचे अनेक लेख कोरलेले आहेत. त्यांपैकी एक आहे धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचा, वेणुवासाच्या मुलाचा. दाराचे काम आपण केले असे त्यात सांगितलेले आहे. प्राकृतात सुताराला ‘वढकी’ म्हटले आहे. ती अक्षरे आम्हांस वाचता येत नव्हती. छापील पुस्तकातील वाचन पाहून आम्ही अण्णांना सांगितले. अण्णांनी विचारले, “बापाचे नावसुद्धा लिहिले आहे?” आहे, असे आम्ही म्हणालो.

त्या दिवसापासून अण्णांनी एक वही घातली आहे. ते सांगतात आणि आम्ही लिहितो. चार रकाने आहेत: गाव, काम, सुमाराचे साल आणि करणाऱ्याचे नाव. देवळाचा मंडप, वाड्याचे दार, गावचा रथ, पालखी, चावडीचे खांब, नावाजलेली गाडी, जे जे कोणाला आठवते ते. सोळा पाने भरली आहेत. पहिले तीन रकाने भरतात. चौथा निम्म्याहून अधिक ठिकाणी कोरा आहे. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात एखादी म्हातारी, एखादे आजोबा असे आहेत ज्यांना एखादे नाव ठाऊक आहे. ती माणसे पुढल्या संमेलनाला असतीलच असे नाही. कार्यकारी मंडळाने अनुमती दिल्यास ही यादी पुढील वर्षीच्या स्मरणिकेत छापावी, अशी सूचना आम्ही अध्यक्षमहाराजांकडे लेखी दिलेली आहे.

वही भोजनमंडपाच्या दाराशी टेबलावर ठेवली आहे. पानाला बसण्यापूर्वी ज्यांना एखादे काम व नाव आठवत असेल त्यांनी ते तेथे लिहावे. ज्यांचा चष्मा घरी राहिला असेल त्यांनी नुसते सांगावे. आम्ही तेथे बसणार आहोत, लिहून घेऊ.